वाढतं मूल आणि त्याचं घर : प्रस्तावना

मूल वाढतं तेव्हा नेमकं काय घडतं, याचा शोध बडोद्यात दोन ठिकाणी घेतला गेला. एक ठिकाण म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची गृहविज्ञान शाखा. तिथे प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या तान्ह्या मुलांची सातत्याने पाहणी केली. मान कधी धरली, उपडं कधी वळलं, टाळीला प्रतिसाद कधी दिला, लपवलेली वस्तू कधी शोधली, याच्या बारीक नोंदी ठेवल्या. नॅन्सी बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची मोजपट्टी हाताशी होती. पण ती तिकडच्या मुलांवरून बेतलेली. आपली मुलं आपल्याच मुलांच्या मापाने पाहावीत, या आग्रहातून १९७० मध्ये बडोद्याच्या बाळांची प्रमाणकं तयार झाली. आज भारतीय अर्भकांच्या विकासाचं जे मापन देशभर वापरलं जातं, त्यात हालचालीचे ६७ आणि आकलनाचे १६३ टप्पे आहेत आणि ते जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत पुरतं. त्याची मुळं इथली आहेत. पुढे तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी याच बडोदा प्रमाणकांतले १७ टप्पे निवडून एक सोपा तक्ता बनवला. बडोद्याच्या कारेलीबाग किंवा वाडी भागातल्या एखाद्या बाळाने कधीकाळी रांगायला घेतलं, त्याची नोंद अशी केरळातल्या आरोग्यसेविकेच्या उपयोगी पडली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

दुसरं ठिकाण म्हणजे घर. घरात टप्प्यांची यादी भिंतीवर टांगलेली नसते, पण हिशोब चोख असतो. पाचवी पुजली, बारसं झालं, उष्टावण झालं, दात आले, जावळ काढलं, पहिलं बोरन्हाण झालं, वर्षाचा झाला, शाळेत जायला लागला. आजीला साल आठवत नाही, पण ‘त्याच्या उष्टावणाला तुझी मावशी आली होती, तेव्हा तो नुकता बसायला लागला होता’ हे अचूक आठवतं. हे पुस्तक हाती घेणाऱ्या नव्या अभ्यासकाला मी पहिल्या पानावरच सांगू इच्छिते की ही आठवण ऐकीव म्हणून बाजूला सारायची नाही. विद्यापीठातली मोजपट्टी मूल किती वाढलं ते सांगते. घरचा सोहळा ते मूल कोणाकोणाचं झालं ते सांगतो. बालपणाच्या अभ्यासाला या दोन्ही नोंदी एकत्र वाचता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी बडोद्यातल्या मराठी घरांइतकी चांगली सुरुवातीची जागा मला दुसरी माहीत नाही.

कारण या शहराने मुलांचा विचार फार आधी सुरू केला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. घर, आई-वडील, खेळगडी सगळं एका दिवसात बदलणं म्हणजे काय, हे या राजाला स्वतःच्या बालपणातून ठाऊक होतं. त्यांच्याच राज्यात १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ मध्ये तो राज्यभर गेला. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. राजवाड्यातल्या मुलांना शिकवताना गोविंद सखाराम सरदेसायांनी टिपणं काढली आणि त्यांतून रियासतीचे खंड उभे राहिले. मराठ्यांचा एवढा मोठा इतिहास मुलांना शिकवण्याच्या गरजेतून सुरू झाला, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, वर्षभरात गृहविज्ञान शाखा निघाली, तिच्या चेतन बालवाडीत मुलं खेळू लागली आणि विद्यार्थिनी त्यांना पाहून शिकू लागल्या. त्याच विद्यापीठात १९५१ च्या सुमारास एम. एन. श्रीनिवास यांनी समाजशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांचे विद्यार्थी ए. एम. शहा यांनी पुढे गुजरातेतल्या घरांचा अभ्यास करून दाखवलं की एकत्र कुटुंब मोडून विभक्त होत गेलं ही सरसकट कहाणी खरी नाही. घर लग्नाने वाढतं, वाटणीने लहान होतं, पुन्हा सुना-नातवंडांनी भरतं. आणि आय. पी. देसाई यांनी महुव्याच्या कुटुंबांवरच्या ग्रंथात मांडलं की एकत्रपणा केवळ एका छपराखाली राहण्यावर ठरत नाही. एकमेकांविषयीची कर्तव्यं कोण पाळतो यावर ठरतो.

देसायांचं हे म्हणणं मुलाच्या सोहळ्याला लावून पाहा, म्हणजे त्याची ताकद कळते. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं ते तिनेच, आणि मग तिच्या पाठीत धपाटे घालायचे ते बाकीच्या बायांनी. पाळण्याच्या वरून-खालून गोप्या द्यायला-घ्यायला दोघी लागतात. उष्टावणाला पहिला घास भरवतो मामा, चांदीची वाटी आणतो तोही मामाच. जावळ काढताना बाळ बसतं मामाच्या मांडीवर. प्रत्येक सोहळ्यात एकेका नातेवाइकाला नेमून दिलेलं काम आहे. ते त्याने केलं की तो नुसता नात्याने मामा राहत नाही. त्या मुलाच्या आयुष्यात त्याची कायमची जागा होते. सोहळा मुलाचा म्हणतात, पण त्या दिवशी मामाही मामा होतो. इरावती कर्व्यांनी आप्तसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश म्हटलं. मामाच्या मुलीशी लग्न चालणं हे त्याचं एक लक्षण; गुजरातेत ते सहसा चालत नाही. तरी मुलाच्या कोडकौतुकात मामा आणि आत्या यांचं वजन दोन्हीकडे सारखंच. गुजराती घरातही नाव ठेवते ती फोईच. चार-पाच मुलं रंगीत कापडाची टोकं धरतात, मध्ये बाळ, सोबत पिंपळाची पानं, सुपारी आणि नाणं. झोका देत गाणं म्हणतात आणि फोई नाव पुकारते. कारेलीबागेतली मराठी मुलं शेजारच्या झोळीची टोकं धरायला हक्काने बोलावली जातात. परगावाहून आलेल्या मराठी पाहुण्यांना याचं नवल वाटतं, इथल्यांना मुळीच नाही.

आता आत्या टोरांटोला असते, मामा बेंगळुरूला. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत टिकून आहे आणि बडोद्याच्या मराठी सुनांची माहेरं पुण्या-मुंबईपासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत पसरलेली आहेत. त्यामुळे बारसं बहुधा तिकडेच होतं. फोन बाळाच्या कानाशी धरून सातासमुद्रापलीकडची आत्या नाव सांगते. हे पाहून कोणी म्हणेल की रीत पातळ झाली. मला उलट दिसतं. आत्याशिवाय चालत नाही म्हणूनच तिला तिथल्या पहाटे उठवलं गेलं. काय गळालं यापेक्षा काय टिकवण्यासाठी लोकांनी खटपट केली, हे अभ्यासकाने आधी पाहावं. पाचवीचंही तसंच. पाटा-वरवंटा पुजायचा, रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन कपाळी लिहून जाते. गुजराती छठीला हेच काम विधाता करते. सिझेरियन झालेली आई पाचव्या दिवशी नुकती घरी आलेली असते किंवा रुग्णालयातच असते, पाटा तर घरात राहिलेलाच नाही. तरी कागद-पेन ठेवतात. मिक्सर ठेवून पूजा केलेलीही मी पाहिली आहे.

बोरन्हाणावर थोडं थांबते, कारण माझ्या मते कारेलीबागेतल्या मराठी घरात मुलाचा सर्वात ‘इथला’ सोहळा हाच. संक्रांत ते रथसप्तमी हा त्याचा काळ. बारसं माहेरी झालेलं असतं, जावळ कुलदैवताच्या गावी. बोरन्हाण मात्र या सोसायटीत, या शेजारात होतं. उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर पतंग उडवून झालेले असतात. तारांवर, झाडांवर फाटके पतंग अजून लटकत असतात. संध्याकाळी दिवाणखान्यातलं टीपॉय भिंतीला सरकवतात, सतरंजीवर स्वच्छ चादर पसरतात, मध्ये पाट. एरवी मुलांच्या अंगावर काळं घालायला नाखूश असलेली आजी आज स्वतः काळं झबलं पुढे करते. त्यावर हलव्याचे दागिने : मुकुट, हार, बाजूबंद, हातात हलव्याची बासरी. हलव्याच्या काट्यांवर आजीचा जीव, कारण ते काटे पाडायला मंद शेगडीवर तासन् तास पाक थेंबाथेंबाने टाकत हलवावं लागतं. औक्षण होतं आणि मग छोट्या मापाने डोक्यावरून ओततात : चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे, रेवड्या. शेजारच्या गुजराती बा तलसांकळीची ताटली आणि ओंजळभर ममरे घेऊन येतात. तेही त्यातच मिसळतं. मजल्यावरची सगळी पोरं, मराठी असोत की गुजराती की सिंधी, चादरीच्या कडेला उकिडवी बसून टपलेली असतात, आणि पहिलं माप ओतलं रे ओतलं की झेप घेतात. बाळ क्षणभर दचकतं. कोणी रडतं, कोणी हातातली बासरीच चोखत बसतं, आणि साखरेने हनुवटी चिकट होते.

या गर्दीत अभ्यासकाने डोळे उघडे ठेवले तर बरंच दिसतं. बाळ एकटं बसलंय, की मांडीवर आहे? वरून पडणाऱ्या चुरमुऱ्यांकडे बघतं, की पडल्यावर बोटांनी टिपतं? दोन बोटांच्या चिमटीत एक चुरमुरा धरणं हा बाळाच्या वाढीतला मोठा टप्पा, आणि तो इथे वीस माणसांच्या देखत पार पडतो. दोन पिढ्यांपूर्वी ओतायच्या मापात शेंगदाणे असत. आता बऱ्याच आया ते काढून टाकतात, बोरंही मोठी निवडतात, कारण घशात अडकेल असं बालरोगतज्ज्ञाने बजावलेलं असतं. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला सोहळ्यात शिरला आणि सोहळ्याने त्याला जागा करून दिली. ऋतुबदलात मुलाला बोरं-ऊस मानवावेत म्हणून ही रीत, असं बहुतेक घरांत सांगतात. करी राक्षसाची गोष्टही सांगतात. कारण कोणतंही घ्या, दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच पोशाखात, त्याच पाटावर मुलाला बसवून त्याच्याकडे सगळ्यांनी मिळून पाहायचं, हे घडतंच. पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण करणाऱ्या घराकडे पाच छायाचित्रं असतात. पहिल्यात मांडीवरचं, दुसऱ्यात पाटावरून उठून पळणारं, तिसऱ्यात स्वतःच दुसऱ्यांवर ओतणारं. एकाच मुलाची वर्षानुवर्षं पाहणी करण्याचं काम संशोधनात किती खर्चाचं आणि चिकाटीचं असतं, ते करणाऱ्यांना विचारा. ते या घरांनी आपणहून करून ठेवलं आहे.

यात एक खुबी अशीही आहे की सण मुलाच्या वयासाठी थांबत नाही. फेब्रुवारीत जन्मलेलं मूल पहिल्या बोरन्हाणाला अकरा महिन्यांचं असतं, डिसेंबरात जन्मलेलं जेमतेम महिन्याचं. आजूबाजूच्या बायका दोघांकडेही त्याच कौतुकाने पाहतात आणि ‘आमचा तर सव्वा वर्षाचा झाला तेव्हा चालला’ असं एकमेकींना सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत दक्षिण दिल्लीतही, मुलांची पाहणी केली तेव्हा निरोगी मुलं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही आधाराशिवाय चालू लागतात असं आढळलं. ही रुंद पट्टी त्या बायकांना अनुभवाने माहीत होती. आजच्या तरुण आईला मात्र फोनवर रोज दुसऱ्याचं बाळ चालताना दिसतं आणि तिचा जीव खालीवर होतो. तिला हा सव्वा वर्षाचा दिलासाही हवा आणि खरोखर उशीर होतोय का हे सांगणारा फाटकबाईंचा तक्ताही हवा. यांपैकी एकाच्या जोरावर दुसऱ्याला कमी लेखणारं लेखन या विषयात बरंच झालं आहे, त्यापासून नव्या वाचकाने सावध असावं.

सोहळ्याचं गोड वर्णन करून थांबणं हा या विषयातला दुसरा धोका. प्रेमानंद हा सतराव्या शतकातला बडोद्याचा कवी. त्याचं ‘कुंवरबाईनुं मामेरुं’ गुजरातेत घरोघरी माहीत आहे. लेकीच्या सीमंताला, म्हणजे आपल्याकडच्या डोहाळजेवणाच्या प्रसंगी, माहेरून द्यायचा आहेर नरसिंह मेहत्याला झेपत नाही आणि सासरची मंडळी तिला टोचून बोलतात, ही त्यातली मूळ गाठ. मूल जन्माला येण्याआधीच त्याच्या आजोळावर किती ओझं पडतं, हे त्या कवीने इतक्या आधी ओळखलं होतं. आजही चांदीची वाटी, सोन्याचं पाणी दिलेली चेन, पहिल्या वाढदिवसाच्या हॉलचा अर्धा खर्च, यांचा हिशोब माहेरकडे जातो. आणि कोणाच्या जन्माला काय वाटतात? मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी. दोन्ही समाजांत हा भेद ठरून गेलेला. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे गुजरातेत ८९० आणि महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. मिठाईच्या खोक्यापासून या आकड्यापर्यंतची वाट शोधायला अभ्यासकाने कचरू नये. मुलींच्या जन्माला पेढे वाटणारी घरं कारेलीबागेत आता बरीच आहेत. ती कधी आणि कोणाच्या आग्रहाने बदलली, हे अजून कोणी नीट लिहिलेलं नाही. मला वाटतं, यात आज्यांचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा निघेल.

घर म्हटलं की सुशिक्षित ब्राह्मण घर डोळ्यांसमोर आणायची आपल्या लेखनाची जुनी सवय आहे, तीही सोडावी लागेल. बडोद्यातली मराठी माणसं गायकवाडांच्या फौजेबरोबर आली, कारकुनीसाठी आली, पुढे कारखान्यांत आणि बँकांत आली. जावळाला कोणी जेजुरीला जातं, कोणी तुळजापूरला. कोणी गुजराती शेजाऱ्यांबरोबर मेहसाण्याकडच्या बहुचराजीला. तिथे बाबरी उतरवायला गुजरातभरातून मुलं आणतात, आणि तिथलं मोठं देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस मानाजीराव गायकवाडांनी बांधलेलं. कारेलीबागेतही बहुचराजीचं देऊळ आहे, रस्त्यालाही तिचंच नाव. आषाढात शेजारच्या मुली गौरीव्रताला जवारा पेरून पाच दिवस अळणी जेवतात आणि मराठी मुली हट्टाने त्यांच्यात बसतात. नवरात्रात त्याच मुली संध्याकाळी भोंडला आणि रात्री गरबा खेळतात. त्या दोन्ही फेरांत इतक्या सहज मिसळतात की कुठे काय संपलं हे त्यांना विचारून उपयोग नाही.

आणि मुलाला स्वतःला काय वाटतं? हा प्रश्न मराठीत आणि गुजरातीत ज्यांनी एकत्र विचारला ती नावं इथे घेतलीच पाहिजेत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी १९२० पासून मुलाला त्याच्या इच्छेनुसार वागू दिलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर राबल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि ताराबाईंनी तेच काम पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेलं. दोघांच्याही लेखनात मोठ्यांना वारंवार बजावलं आहे की मूल हे तुमच्या हौसेचं साधन नाही. बोरन्हाणात ओरडणाऱ्या बाळाला फोटोसाठी पुन्हा पाटावर बसवताना हे आठवावं. मोठं झाल्यावर मुलाच्या बाजूने बालपण सांगणारी पुस्तकंही आपल्याकडे आहेत. काका कालेलकर काही काळ बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवत होते. त्यांची ‘स्मरणयात्रा’ वाचताना सण मोठ्यांच्या नजरेतून आणि मुलाच्या नजरेतून किती वेगळा दिसतो हे कळतं. साने गुरुजींनी जमवलेल्या स्त्रियांच्या ओव्यांत तान्हं बाळ आईच्या नजरेतून येतं. बाहेरचं वाचायचं तर आर्नोल्ड व्हान गेनेपचा १९०९ चा संक्रमणविधींवरचा ग्रंथ आणि फिलीप आरिएसचा १९६० चा बालपणाच्या इतिहासावरचा ग्रंथ, एवढ्यापासून सुरुवात पुरे. बालपण ही कल्पनाच युरोपात उशिरा घडली, या आरिएसच्या दाव्यावर पुढे बरीच टीका झाली. आपल्या ओव्या वाचलेल्या माणसाला ती टीका पटायला वेळ लागत नाही.

शेवटी कामाचं बोलते. ज्यांना या विषयात उतरायचं आहे त्यांनी ग्रंथालयाआधी एखाद्या घरी जावं, अल्बम मागावा आणि छायाचित्रातल्या बाळाआधी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांविषयी विचारावं. कोण आहे, कुठून आली, तिने काय आणलं, पुढच्या वर्षी ती का नाही. छायाचित्राच्या मागच्या बाजूला तारीख असते, कधी स्टुडिओचा शिक्का, कधी आजीच्या अक्षरात बाळाचं त्या दिवशीचं वजन. तीही बाजू उतरवून घ्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यांवरची कपाटं बुडाली. छायाचित्रांचे कागद एकमेकांना चिकटले की सोडवता येत नाहीत, आणि २००५ नंतरची बहुतेक छायाचित्रं तर बंद पडलेल्या फोनांत आणि संगणकांत आहेत. ज्या घराने परवानगी दिली त्याच्या प्रती आधी काढाव्यात, मुलांची नावं झाकावीत, मूळ अल्बम त्याच दिवशी परत करावा, आणि ज्या आजीने नावं सांगितली तिला एक प्रत छापून द्यावी. घरकाम करणाऱ्या बायांच्या वस्त्यांत अल्बम नसतात. तिथे बारशाला कोण आलं होतं हे विचारत बसायला वेळ काढावा लागेल, आणि तो कामावरून परतल्यानंतरचाच वेळ असेल, तेव्हा जाताना त्यांच्या सोयीने जावं.